टीव्हीचा आवाज जुन्या स्टिरिओवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात चालू स्थितीतला अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकरची जोडी असेल, तर नव्या टीव्हीसाठी साउंडबार घ्यायची घाई करू नका. आधी हा जुना संच टीव्हीला जोडून बघा. खर्च बहुतेक वेळा एका वायरचा, फार तर एका छोट्या डबीचा असतो, आणि आवाजात पडणारा फरक घरातल्या सगळ्यांना पहिल्याच मिनिटात कळतो. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

टीव्ही एवढा महागाचा, तरी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का?

टीव्ही पातळ झाला म्हणून. खर्जाचा आवाज काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला बरीच हवा हलवावी लागते, आणि मागे पोकळ जागा लागते. भिंतीला चिकटणाऱ्या आजच्या टीव्हीत यातलं काहीच मावत नाही. आत बोटभर रुंदीचे दोन स्पीकर असतात, आणि त्यांची तोंडं बऱ्याचदा खाली नाहीतर मागे भिंतीकडे असतात. त्यामुळे तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही आणि बातम्या सांगणाऱ्याचा भारदस्त आवाजही किरटा वाटतो. सहा-आठ इंची वूफर असलेल्या जुन्या स्पीकरला ही अडचण नाही.

माझा स्टिरिओ १९८०च्या दशकातला आहे. आजच्या टीव्हीला चालेल का?

चालेल. सोनोडाइन असो, कॉस्मिक असो, फिलिप्स असो की कुणी परदेशातून आणलेला जपानी संच असो, अ‍ॅम्प्लिफायरला हवा असतो काहीशे मिलिव्होल्टचा साधा सिग्नल. तेव्हा तो कॅसेट डेककडून यायचा, आता टीव्हीकडून येईल. एवढ्या वर्षांत यात काही बदललेलं नाही. बदलली आहेत ती टीव्हीच्या मागची सॉकेट, त्यामुळे शोधाशोध तिथेच करावी लागते.

टीव्हीच्या मागे नक्की काय शोधायचं?

दुपारच्या उजेडात नाहीतर टॉर्च घेऊन नीट बघा, कारण टीव्हीच्या मागची अक्षरं काळ्यावर काळी असतात. आवाज बाहेर काढायच्या चार जागा असू शकतात.

हेडफोनचं ३.५ मिमी सॉकेट. इथून थेट अ‍ॅम्प्लिफायरला चालणारा सिग्नल मिळतो, मधे काही लागत नाही.

ऑप्टिकल. चौकोनी भोक, त्यावर छोटं झाकण. टीव्ही चालू असताना आत लाल उजेड दिसतो. ही पद्धत तोशिबाने १९८३मध्ये आणली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. यातून आवाज प्रकाशाच्या रूपात बाहेर येतो, त्यामुळे पुढे डॅक नावाची, डिजिटल आवाजाचा साधा सिग्नल करून देणारी डबी लागते.

कोअ‍ॅक्शियल. दिसायला साध्या आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) सॉकेटसारखंच, पण एकटंच असतं आणि बऱ्याचदा नारिंगी रंगाचं. आतून डिजिटल सिग्नल येतो. साधी आरसीए पिन दिसली म्हणून इथून वायर थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटला) जोडू नका. गाण्याऐवजी नुसती खरखर येईल. यालाही डॅक लागतो.

एचडीएमआय एआरसी. चित्र आत घेणाऱ्या सॉकेटमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर द्यायची ही सोय. टीव्हीवर तीन एचडीएमआय सॉकेट असतील, तर त्यातल्या एकावरच 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. एआरसीची सोय २००९च्या एचडीएमआय १.४ पासून आली.

एक गफलत फार जण करतात. टीव्हीच्या बाजूला पिवळं-लाल-पांढरं सॉकेट, किंवा 'एव्ही इन' लिहिलेलं ३.५ मिमी सॉकेट असतं. त्यातून आवाज टीव्हीच्या आत जातो, बाहेर येत नाही. तुम्ही कितीही चांगली वायर आणा, तिथून काही निघणार नाही. 'इन' की 'आउट' हे वाचल्याशिवाय पिन खुपसू नका.

आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे कुठे जोडू?

ऑक्स, टेप, ट्यूनर, सीडी, यांपैकी जे रिकामं असेल तिथे. विद्युतदृष्ट्या हे चारही जवळपास सारखेच. लाल पिन उजवीकडची, पांढरी (किंवा काळी) डावीकडची. टेपच्या ठिकाणी दोन जोड्या असतात, रेकॉर्ड आणि प्ले. तुम्हाला प्लेची जोडी हवी. मग पुढचं बटण त्याच नावावर फिरवा. 'टेप मॉनिटर' हे वेगळं दाबायचं बटण असेल आणि तुम्ही टेपला जोडलं असेल, तर ते दाबलेलं असायला हवं. ऑक्सला जोडलं असेल, तर ते सुटलेलं असायला हवं. "आवाजच येत नाही" अशा तक्रारींमध्ये हे एक बटण फार वेळा सापडतं.

'फोनो'ला मात्र हात लावू नका. ते सॉकेट रेकॉर्ड प्लेअरच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) असतं. ते कार्ट्रिज साधारण ५ मिलिव्होल्ट देतं, आणि टीव्ही किंवा डॅक त्याच्या शंभर पटीहून जास्त. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तीव्र सूर चढवलेले असतात. फोनोचं सर्किट ते उलटं करतं, म्हणजे खर्ज वाढवतं आणि वरचे सूर खाली आणतं. टीव्हीचा आवाज तिथे दिलात, तर तो घुमेल, फाटेल, आणि आवाजाचं बटण चुकून वर राहिलं असेल, तर स्पीकरला इजा होईल.

हेडफोनमधून घेऊ की ऑप्टिकलमधून?

हेडफोन सॉकेट असेल तर आधी तेच वापरून बघा. ३.५ मिमीची एक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशी वायर घ्या. दोन्ही यंत्रं बंद करून जोडा. टीव्हीचा आवाज पाऊणपट ठेवा आणि पुढचं कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवर ठरवा. टीव्हीवर दहा आणि अ‍ॅम्प्लिफायरवर पूर्ण असं उलटं केलंत, तर सूं-सूं वाढते. काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये या सॉकेटसाठी 'हेडफोन' की 'ऑडिओ आउट' असा पर्याय असतो. तोही बघून घ्या.

हेडफोनमधून येणारा आवाज पोकळ वाटला किंवा मागे घरघर असेल, तर ऑप्टिकलकडे वळा. माझं स्वतःचं मत ऑप्टिकलच्या बाजूने आहे, आणि त्याचं मोठं कारण खाली घरघरीच्या प्रश्नात आहे.

डॅक कोणता घ्यावा?

ऑप्टिकल आत, दोन आरसीए बाहेर, एवढं असलेली साधी डबी पुरते. टीव्हीचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा असतो, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या १९२ किलोहर्ट्झसाठी जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा त्यावर आवाजाचं बटण किंवा रिमोट आहे का ते बघा, त्याचा रोज उपयोग होतो. डबीला ५ व्होल्ट लागतात. ते टीव्हीच्या यूएसबीवरून घेतले, तर टीव्हीबरोबर डबीही बंद होते, ही सोय चांगली. त्यामुळे बारीक किरकिर ऐकू येऊ लागली, तर एखादा पडून असलेला मोबाइल चार्जर लावा.

सगळं जोडलं, लाल उजेडही दिसतो, पण आवाज नाही. किंवा फक्त टकटक येते.

दहातल्या नऊ वेळा टीव्हीचं सेटिंग. साउंडमध्ये जा, डिजिटल आउटपुट शोधा. तिथे 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' किंवा 'बिटस्ट्रीम' असेल, तर ते 'पीसीएम' (म्हणजे साधा, न गुंडाळलेला डिजिटल आवाज) करा. टीव्ही डॉल्बीच्या रूपात आवाज पाठवत असतो, आणि साध्या डॅकला तो उलगडता येत नाही. काही टीव्हींत याशिवाय स्पीकरचा पर्याय 'टीव्ही'वरून 'ऑप्टिकल'वर न्यावा लागतो.

नवीन ऑप्टिकल वायरच्या टोकांवर पारदर्शक टोपी असते. ती काढली का? ती इतकी मापात बसलेली असते की वायरचाच भाग वाटते. पिन 'टक' असा आवाज होईपर्यंत आत गेली पाहिजे. आणि टीव्ही भिंतीला खिळलेला असेल, तर मागे वायर काटकोनात दुमडली जात नाही ना, ते बघा. आत प्लॅस्टिकचा तंतू असतो, तो घडी सहन करत नाही.

माझ्या टीव्हीला हेडफोनही नाही आणि ऑप्टिकलही नाही. आता?

मग एआरसीचा मार्ग. इथे खरेदी करताना सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर सांगतो. बाजारात दोन दिसायला सारख्या डब्या आहेत. एक सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही यांच्या मधे बसते आणि टीव्हीकडे जाणाऱ्या सिग्नलमधून आवाज वेगळा काढते. ती टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपचा आवाज देऊ शकत नाही, कारण तो आवाज त्या डबीकडे येतच नाही. दुसरी डबी एआरसी सॉकेटला लागते आणि टीव्ही जे काही वाजवतोय ते सगळं बाहेर काढते. तुम्हाला ही दुसरी हवी. दुकानात "एआरसीवरून आवाज घेऊन आरसीएला देते का" असं स्पष्ट विचारा, आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असेल तरच घ्या.

जोडल्यावर टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव दिलेलं असतं, पण ते बंद असेल तर बऱ्याच टीव्हींचा एआरसी जागाच होत नाही. इथेही 'पीसीएम' निवडायला विसरू नका.

माझ्या फिलिप्सला आरसीए नाहीत, गोल सॉकेट आहे, पाच भोकांचं.

ते डिन सॉकेट. युरोपी घडणीच्या संचांना हेच असायचं. भोकं अर्धवर्तुळात असतात आणि त्यांचे आकडे ओळीने १, ४, २, ५, ३ असे येतात. कमानीच्या मधलं २ हे ग्राउंड. त्याच्या एका बाजूचे ३ आणि ५ हे अनुक्रमे डावा आणि उजवा आवाज आत घेतात. दुसऱ्या बाजूचे १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देतात. म्हणजे टीव्हीची वायर ३, ५ आणि २ वर यायला हवी. तयार वायर मिळते, पण तिचेही दोन प्रकार असतात. जोडूनही शांतता असेल, तर १ आणि ४ वर जोडलेली वायर हातात पडली आहे असं समजा. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाला ती बदलून द्यायला दहा मिनिटं पुरतात.

जोडल्यापासून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येतो. संच बिघडला का?

बहुधा नाही. ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर आहे, आणि ती येते अर्थिंगच्या दोन वेगळ्या वाटांमुळे. केबलवाल्याची वायर गच्चीवरून, शेजारच्या दोन-तीन इमारती फिरून तुमच्या घरात येते. तिच्या बाहेरच्या जाळीचा विद्युतदाब तुमच्या घरच्या अर्थिंगशी जुळेलच असं नाही. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर वायरने जोडले, की तो फरक त्या वायरमधून वाहू लागतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो.

तपासायचं असं. घरघर चालू असू द्या. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची किंवा डिशची स्क्रूची वायर सोडवा. आवाज थांबला, तर चोर सापडला. नाही थांबला, तर टीव्हीकडची पिन हेडफोन सॉकेटमधून काढा. तरीही घरघर असेल, तर ती वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूनेही काढा (संच बंद करून), आणि पुन्हा चालू करा. काहीच जोडलेलं नसताना घरघर असेल, तर संचातले जुने फिल्टर कपॅसिटर गेले आहेत. ते मेकॅनिकचं काम.

केबलच चोर निघाली, तर सर्वांत स्वच्छ उपाय ऑप्टिकल. त्या वायरमध्ये धातू नाही, फक्त प्रकाश जातो, त्यामुळे डॅकला वीज टीव्हीच्या यूएसबीऐवजी चार्जरवरून दिली, तर घरघरीला रस्ताच उरत नाही. ऑप्टिकल नसेल, तर आवाजाच्या वायरवर बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातल्या आयसोलेटरने खर्ज थोडा उणावतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकली की घरघर जाते, असं सांगणारे भेटतात. जाते, खरं आहे. पण उद्या आतली वायर बॉडीला लागली, तर २३० व्होल्ट त्या चकचकीत पॅनेलवर उभे असतील आणि घरातलं कुणीतरी बटण फिरवायला हात लावेल. हे कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका.

टीव्हीचा रिमोट चालेल का?

हेडफोनमधून घेतलं असेल, तर बहुतेक टीव्हींत चालतो. ऑप्टिकलमधून सहसा नाही, तिथे पातळी ठरलेली असते. म्हणूनच रिमोटवाला डॅक घ्या म्हटलं. घरात गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील, तर ही गोष्ट आवाजाच्या दर्जाइतकीच महत्त्वाची आहे.

ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

वायरने जोडलं असेल, तर हा फरक नगण्य असतो. ब्लूटूथ लावलं असेल, तर तेच कारण. ब्लूटूथ रिसीव्हर गाण्यांना ठीक, पण चित्र बघताना साध्या जोडणीत आवाज डोळ्याला खटकेल इतका मागे पडतो. टीव्हीसाठी वायरच बरी.

उलटंही होतं, आवाज आधी आणि चित्र मागून. टीव्हीला चित्रावर प्रक्रिया करायला वेळ लागतो. सेटिंगमध्ये 'एव्ही सिंक' किंवा 'डिले' असतो, तो थोडा थोडा वाढवत न्या. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटला लागतो तो क्षण बघून हे चटकन जुळवता येतं.

सेट-टॉप बॉक्समधून थेट अ‍ॅम्प्लिफायरला दिलं तर?

चालतं. बॉक्सला लाल-पांढरं आउट किंवा एव्हीचं छोटं सॉकेट असेल, तर फक्त वायर लागते. पण टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज तिथून मिळणार नाही, आणि वर सांगितलेला 'आवाज आधी' हा दोष इथे दुरुस्त करता येत नाही.

गाणी छान वाजतात, पण सिनेमातले संवाद दबतात.

अ‍ॅपमध्ये भाषेच्या यादीत '५.१' निवडलेलं असेल, तर साधा स्टिरिओ पर्याय घ्या. पाच स्पीकरसाठी केलेल्या त्या मिश्रणात संवाद मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात, आणि दोन स्पीकरवर उतरवताना ते पार्श्वसंगीताखाली जाऊ शकतात. अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस'चं बटण असतं, ते बंद करा. ते हळू आवाजात संगीत भरदार वाटावं म्हणून खर्ज आणि वरचे सूर दोन्ही चढवतं, आणि बोलणं मधे अडकतं. टीव्हीचा 'सराउंड' परिणामही बंद ठेवा.

एवढ्यानेही बोलणं हवेत तरंगल्यासारखं, कुठून येतंय ते कळत नाही असं असेल, तर एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल स्क्रू स्पीकरच्या लाल स्क्रूला आणि काळा काळ्याला, दोन्ही बाजूंनी तपासा. सरळ केल्यावर खर्जही परत येतो.

आमच्याकडे स्टिरिओ नाही, जुना टू-इन-वन आहे. त्याला ऑक्स नाही.

कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडाप्टर मिळतो, त्याची शेपटी टीव्हीच्या हेडफोनला लावायची आणि प्ले दाबायचं. आवाज मध्यम, पण टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरपेक्षा बहुधा बराच बरा.

आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ आहे, मागे ग्रामोफोनची भोकं आहेत. त्याला टीव्ही जोडू?

मेकॅनिकला दाखवल्याशिवाय अजिबात नको. त्या काळच्या काही रेडिओंमध्ये, विशेषतः एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्यांमध्ये, ट्रान्सफॉर्मर नसायचा आणि चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेनच्या एका तारेला जोडलेली असायची. असा रेडिओ टीव्हीला जोडला, तर टीव्ही जळेल, आणि वायर हातात असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. एसीच्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या रेडिओला हा धोका नाही, पण आपला कुठला ते जाणकारानेच आत बघून सांगावं.

संच दहा-पंधरा वर्षं माळ्यावर आहे. लगेच लावू का?

आधी मागची पाटी बघा. जपानच्या बाजारासाठी बनलेला संच १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला सहसा १२०चा. त्याला आपली वीज देण्याआधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. काहींना मागे व्होल्टेज निवडायची चकती असते, ती २२० किंवा २४० वर न्या.

मग ओळखीच्या मेकॅनिकला सिरीज लॅम्पवर चालू करायला सांगा. प्लगच्या वाटेत एक बल्ब लावलेला असतो. आत शॉर्ट असेल, तर बल्ब लख्ख पेटतो आणि संच वाचतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तर पुढे जायला हरकत नाही.

आवाजाचं बटण फिरवताना कर्रकर्र होत असेल, तर आतल्या पट्टीवर धूळ आणि गंज बसला आहे. संच बंद करून, प्लग काढून, बटणाच्या मागच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचं. पहिल्या काही फेऱ्यांना हाताला चरचर जाणवते, मग ते लोण्यासारखं फिरू लागतं. शिवणयंत्राचं तेल घालू नका, त्यावर पुन्हा धूळ बसते.

स्पीकरची जाळी काढून पडद्याची कडा बोटाने हलकेच दाबा. फोमची कडा दमट हवेत कुजते, कोकणात आणि गोव्यात तर लवकरच, आणि हात लावताच तिचा काळा चिकट भुगा होतो. तसं झालं असेल, तर स्पीकर फेकू नका, नवी कडा चिकटवून मिळते. रबराची किंवा कापडाची कडा सहसा शाबूत असते.

माझ्या जुन्या संचावर '१००० वॅट पीएमपीओ' लिहिलंय. टीव्हीला जास्त होईल का?

नाही. तो आकडा जाहिरातीचा. खरे आरएमएस वॅट त्याच्या कितीतरी कमी असतात. दिवाणखान्याला दर स्पीकरमागे २०-३० खरे वॅट भरपूर होतात.

वायरी कुठून घ्याव्यात, आणि किती लांब?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे डिन पिनही मिळेल आणि हवी तशी वायर बनवूनही देतात. जाताना अ‍ॅम्प्लिफायरच्या आणि टीव्हीच्या मागचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. आरसीएची वायर दोन-तीन मीटरच्या आत ठेवा. ऑप्टिकल पाच मीटरपर्यंत निर्धास्त चालते. अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीपासून लांबच्या कोपऱ्यात असेल, तर आरसीए ताणण्यापेक्षा ऑप्टिकल लांब घ्या आणि डॅक अ‍ॅम्प्लिफायरशेजारी ठेवा. अंतर मोजताना भिंतीच्या कडेने, दाराला वळसा घालून मोजा, आणि अर्धा मीटर जास्तच घ्या.